उत्पन्न बुडवणाऱ्या मूर्खांसाठी

महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली एक कायदा केला. राज्यात कॅसिनोला परवाना कसा द्यायचा, त्यावर कर कसा घ्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. राहिली होती फक्त एक अधिसूचना, कायदा अमुक तारखेपासून लागू होईल एवढंच सांगणारी. ती निघाली नाही. पुढची सत्तेचाळीस वर्षं निघाली नाही. दरम्यान इतकी सरकारं आली आणि गेली, तिजोरीवरचं कर्ज वाढत राहिलं, शेजारी गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या, आपलाही कायदा लागू करा म्हणून उच्च न्यायालयात याचिका गेली. फाइल हलली नाही. शेवटी २०२३ मध्ये राज्याने तो कायदा एकदाही न वापरता रद्द करून टाकला.

हिशेबाच्या वहीत याला मूर्खपणाच म्हणतात. परवान्यांचं शुल्क गेलं, कर गेला, त्या निमित्ताने उभी राहिली असती ती हॉटेलं गेली. कायदा करण्याचे कष्ट घेतले आणि एक रुपया वसूल केला नाही. या मूर्खपणाचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. असे मूर्ख जगात इतर ठिकाणीही होऊन गेले आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणी चार चांगले शब्द लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

जुगाराच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्या देशांत सारखी आहे. माणसाचं नुकसान कमी करणारं प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी खात्यात तोटा म्हणून पडतं. जाहिरात थांबवली की वाहिनीचा आणि क्रिकेट मंडळाचा तोटा, मशीन उचललं की दुकानदाराचा, पैजेची रक्कम कमी केली की कंपनीचा, आणि या सगळ्यांचं मिळून झालं की सरकारचा. म्हणून जे कोणी असं पाऊल उचलायला निघतात त्यांना त्या त्या वेळचे जाणकार भाबडे, अव्यवहारी, जगाच्या मागे पडलेले म्हणतात. मी त्यांना मूर्ख म्हणतो, कारण आलेली लक्ष्मी त्यांनी खरोखरच दारातून परत पाठवली.

ही लक्ष्मी येते कुठून ते आधी पाहू. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने जुलै २०२० मध्ये जुगाराने होणाऱ्या हानीवर अहवाल दिला. त्यातला एक आकडा या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. उद्योगाच्या नफ्यातला ६० टक्के वाटा फक्त ५ टक्के खेळणाऱ्यांकडून येतो, आणि हे ५ टक्के म्हणजे व्यसनात अडकलेले किंवा अडकण्याच्या काठावर असलेले लोक. दिवाळीत तीन पत्ती खेळणारा, वर्षाकाठी एखादं लॉटरीचं तिकीट काढणारा, मित्रांबरोबर ४९ रुपयांची टीम लावणारा माणूस हा धंदा पोसत नाही. पोसतो तो, जो पगाराच्या दिवशीच पगार घालवतो, मग बायकोच्या अंगावरचं सोनं, मग मित्रांकडची उसनवारी, मग फोनवर दोन मिनिटांत मिळणारं लोन ॲपचं कर्ज.

आकडा ब्रिटनचा असला तरी त्यातला तर्क कुठेही तोच राहील. नफा जर त्रासातूनच येत असेल तर त्रास कमी झाला की नफा कमी होणारच. एखाद्या उपायाने धंद्याचं उत्पन्न होतं तसंच राहिलं असेल, तर त्या उपायाने कुणाचंही घर वाचलेलं नाही. किती उत्पन्न बुडालं, हाच उपाय लागू पडल्याचा पुरावा. आणि म्हणूनच इथे शहाण्यांकडून काही होण्यासारखं नाही. उत्पन्न सांभाळून हानी कमी करण्याची योजना ते आखत बसतात, आणि अशी योजना असूच शकत नाही.

शहाणपणाचा नमुना आपल्याकडेही होता. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, १५ डिसेंबर २०२० पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींसाठी नियम लागू केले. जाहिरातीत अठरा वर्षांखालचं कोणी दाखवायचं नाही. हा खेळ म्हणजे कमाईचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय आहे असं भासवायचं नाही. छापील जाहिरातीच्या किमान २० टक्के जागेत इशारा द्यायचा, की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. टीव्हीवर तोच इशारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचायचा. नियम करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण त्यानंतरच्या आयपीएलमध्ये आपण काय पाहिलं? लाडक्या खेळाडूंचे हसरे चेहरे, कोटींचे आकडे, आणि शेवटी घाईने उरकलेली एक ओळ. ‘जंगली रमी पे आओ ना महाराज’ ही हाक पोरासोरांच्या तोंडी बसली. सवय लागू शकते ही ओळ कुणाच्या तोंडी बसल्याचं मी ऐकलेलं नाही.

‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य जगभरच्या कंपन्यांनी खुशीने स्वीकारलं आहे, कारण ते पाळल्याने त्यांचं काही जात नाही. उलट सगळी जबाबदारी रात्री दोन वाजता हातात फोन घेऊन बसलेल्या त्या एकट्या माणसावर जाते. समोर शेकडो इंजिनिअर, तो कधी थकतो, कधी परत येतो, किती बोनस टाकला की पुन्हा वॉलेट भरतो याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा, आणि इकडे सात हजार रुपये हरलेला पंचवीस वर्षांचा मुलगा. या दोघांत जबाबदार कोण हे त्या एका वाक्याने ठरवून टाकलं होतं. सोडायचं ठरवलेल्या मुलासाठी तर जाहिरात ही आणखी क्रूर गोष्ट होती. दारू सोडलेल्याला निदान गुत्त्याच्या रस्त्याने न जाता येतं. या मुलाने मॅच पाहायची सोडली तरच सुटका, आणि या देशात मॅच पाहायची सोडणं म्हणजे घरातून, चौकातून, कट्ट्यावरून उठून जाणं.

आता मूर्खांकडे वळू. नॉर्वेत २००७ पर्यंत खासगी स्लॉट मशिनं किराणा दुकानांत, पेट्रोल पंपांवर, जिथे माणूस रोजच्या कामाला जातो तिथे उभी होती. त्यांच्या कमाईचा वाटा समाजसेवी संस्थांना जाई, आणि रेड क्रॉससारख्या संस्थेचा तो मोठा आधार होता. म्हणजे मशीन बंद करायचं तर रेड क्रॉसच्या पोटावर पाय द्यावा लागणार होता. यापेक्षा पक्की तटबंदी दुसरी नसेल. नॉर्वेच्या सरकारने आधी २००६ मध्ये मशिनांना नोटा घ्यायची बंदी केली आणि १ जुलै २००७ रोजी मशिनंच उचलली. पुढे सरकारी कंपनीने जी नवी मशिनं आणली त्यांत रोख चालत नाही, स्वतःच्या नावाचं कार्ड लागतं, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत हरलात की मशीन तुमचे पैसे घेत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आज पुरे’ सांगणारं दुकान काढायला केवढं धाडस लागत असेल याची कल्पना गल्ल्यावर बसलेल्या कुणालाही येईल. लोक मशिनं गेल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी जुगाराकडे धावतील, असा जाणकारांचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत तशी मोठी धाव दिसली नाही. बरेच जण कमी खेळू लागले, एवढंच झालं.

ऑस्ट्रेलियात तर एक अख्खं राज्य या बाबतीत मूर्ख आहे. इतर राज्यांत पबमध्ये आणि क्लबमध्ये पोकी म्हणजे स्लॉट मशिनांच्या रांगा असतात, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ती पर्थच्या एका कॅसिनोपलीकडे कुठेही नाहीत. शेजारच्या राज्यांच्या अर्थसंकल्पात या मशिनांचा कर दरवर्षी जमा होतो आणि हे राज्य तो वर्षानुवर्षं घेत नाही.

ब्रिटनमधली गोष्ट एका मंत्रीणबाईंची आहे. तिथे बेटिंगच्या दुकानांत अशी मशिनं होती की दर वीस सेकंदांना शंभर पाउंड लावता येत. पगार संपायला दुपारची सुट्टी पुरे. मे २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की कमाल पैज दोन पाउंडांवर आणायची. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अंमलबजावणीची तारीख ऑक्टोबर २०१९ ठरली. जुगाराचा विषय ज्यांच्याकडे होता त्या मंत्री ट्रेसी क्राउच यांचं म्हणणं होतं की एप्रिलमध्येच करायला हवं. फरक सहा महिन्यांचा. निर्णय त्यांच्या मनासारखा झालेलाच होता, श्रेय मिळणारच होतं, थोडं थांबायचं होतं. १ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या लेखी ते सहा महिने म्हणजे माणसं होती, त्या मशिनांपुढे उभी असलेली. दोन आठवड्यांत सरकारने माघार घेतली आणि १ एप्रिल २०१९ पासून मर्यादा दोन पाउंडांवर आली. जाणकार सांगत होते तशी काही दुकानं बंद झाली. मग एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आली, म्हणजे उधारीवर हरण्याची सोयही गेली.

जाहिरातींच्या बाबतीत मात्र ब्रिटिशांचा मूर्खपणा अपुरा पडला, आणि ते सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ पासून कंपन्यांनी आपणहून ठरवलं की सामन्याची शिट्टी वाजल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत टीव्हीवर जुगाराची जाहिरात द्यायची नाही. छान वाटतं ऐकायला. पण मैदानाच्या कडेच्या पाट्या तशाच होत्या आणि खेळाडूंच्या छातीवरची नावंही. नव्वद मिनिटं कॅमेरा तेच दाखवत होता, जाहिरातीचे पैसेही न घेता. प्रीमियर लीगच्या फुटबॉल क्लबांनी २०२३ मध्ये कबूल केलं की छातीवरची नावं २०२५-२६ चा हंगाम संपल्यावर काढू. बाहीवरची ठेवू.

इटलीने असली सौदेबाजी केली नाही. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सरकारने जुगाराच्या सगळ्या जाहिरातींवर बंदी आणली आणि पुढे प्रायोजकत्वावरही. फुटबॉल क्लब ओरडले. कायदा राहिला, पण वाट शोधणारे वाट शोधतात. मिलानच्या इंटर क्लबच्या छातीवर २०२४ पासून ‘बेटसन स्पोर्ट’ हे नाव आहे, ते क्रीडाविषयक बातम्या-माहितीच्या संकेतस्थळाचं, आणि मूळ बेटसन ही जुगाराची कंपनी. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे ‘बातम्यां’च्या नावाने चालणाऱ्या परदेशी बेटिंग कंपन्यांच्या जाहिराती इतक्या बोकाळल्या, की २०२२ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांसाठी आणि संकेतस्थळांसाठी पुन्हापुन्हा सूचना काढाव्या लागल्या. सोड्याच्या बाटलीआडून दारू विकायची आपली जुनी रीत त्यांनी घरबसल्या उचलली. स्पेनने २०२० मध्ये जाहिरातींना पहाटे एक ते पाच एवढीच वेळ दिली आणि जर्सीवरून नावं काढायला लावली. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतली काही कलमं रद्द केली, कारण संसदेच्या कायद्याचा पुरेसा आधार नव्हता. यातून शिकायचं ते हे, की मूर्खपणा करायचाच तर तो अधिसूचनेने न करता पक्क्या कायद्याने करावा.

भारताने २०२५ मध्ये तसा केला, आणि तो किती महागडा होता ते पाहण्यासारखं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. पुढच्या सहा महिन्यांत या खेळांपासून मिळणारा महसूल ४१२ टक्क्यांनी वाढून ६,९०९ कोटी रुपयांवर गेल्याचं अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. कुठल्याही अर्थखात्याला स्वप्नात दिसावी अशी ही वाढ. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, २० आणि २१ ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हे खेळच बंद करणारा कायदा मंजूर केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कंपन्यांच्या संघटनांनी गृहमंत्र्यांना लिहिलं होतं की दोन लाखांहून अधिक नोकऱ्या आणि चारशेहून अधिक कंपन्या धोक्यात येतील. सरकारचा अंदाज होता की सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी या खेळांत २० हजार कोटींच्या आसपास गमावतात. एका बाजूला कंपन्यांची पत्रं, दुसऱ्या बाजूला ही घरं. सरकारने घरांची बाजू घेतली आणि हजारो कोटींवर पाणी सोडलं.

या कायद्यातल्या तीन गोष्टी मला विशेष आवडतात. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, ते अपेक्षितच. पण जाहिरात करणाऱ्याला, मग तो कितीही मोठा तारा असो, दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या बँकांना आणि पेमेंट कंपन्यांनाही शिक्षा आहे. आणि खेळणाऱ्याला काहीच शिक्षा नाही. हरलेल्या माणसाला पुन्हा आरोपी करायचं नाही. शिवाय कौशल्य की नशीब हा जुना वादही कायद्याने बाजूला ठेवला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल सिकंदराबादच्या एका क्लबातल्या टेबलाविषयीचा होता. समोरासमोर बसलेली माणसं, हातात खरे पत्ते, क्लब बंद व्हायची ठरलेली वेळ. तो निकाल चोवीस तास उघड्या असलेल्या ॲपवर अर्धशतकानंतर पांघरला गेला होता. ॲपवर डाव संपतो आणि पुढचा डाव त्याच सेकंदाला उघडतो, यात कौशल्य कंपनीचं असतं.

तामिळनाडूने हे आधी ओळखलं होतं. रमीत पैसे गमावून जीव दिलेल्यांच्या बातम्या तिथे एकामागून एक येत होत्या. राज्याने कायदा केला, राज्यपालांनी परत पाठवला, विधानसभेने पुन्हा मंजूर केला, २०२३ मध्ये त्याला संमती मिळाली. उच्च न्यायालयाने रमी आणि पोकरवरची बंदी काढली, तर राज्याने नियम आणले: आधारने ओळख पटवा, आणि रात्री बारा ते पाच हे खेळ बंद ठेवा. कंपन्या पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले. त्या पाच तासांचं महत्त्व ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना कळेल. घर झोपलेलं असतं, विचारणारं कोणी नसतं, आणि सकाळच्या आत सगळं परत मिळवून कुणाला कळूही द्यायचं नाही हा एकच विचार डोक्यात असतो. मोठे आकडे त्या तासांत जातात. हेच राज्य जानेवारी २००३ मध्ये स्वतःची लॉटरीसुद्धा बंद करून बसलं आहे. शेजारचं केरळ १९६७ पासून लॉटरी चालवतं आणि आपला महाराष्ट्र १९६९ पासून.

महाराष्ट्रात या प्रश्नावर सगळ्यात अव्यवहारी गोष्ट केली ती अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी ते कार्यकर्त्यांना घेऊन वांद्र्याला सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलनाला बसले. तेंडुलकर एका ऑनलाइन खेळांच्या कंपनीच्या जाहिरातीत होते, ती त्यांनी सोडावी, नाहीतर भारतरत्न परत करावं, अशी कडूंची मागणी होती. मराठी माणसाच्या देवघरासमोर घोषणा देऊन मतं मिळत नाहीत, हे न कळण्याइतके ते नवखे नव्हते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. भारतरत्नाची मागणी मला अवाजवी वाटते, पण मूळ प्रश्न रास्त होता. ज्याचं नाव ऐकून बाप मुलाच्या हातात बॅट देतो, त्याचा शब्द साबणाच्या जाहिरातीतल्या शब्दाइतका हलका नसतो. तो जोपासलेला विश्वास असतो, आणि तोच कंपनी विकत घेत असते.

भारतीय क्रिकेट संघाची २०२५ च्या आशिया चषकातली जर्सी कुणी जपून ठेवली असेल तर मला ती पाहायला आवडेल. ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन खेळांच्या कंपनीने २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटींना छातीवरची जागा घेतली होती. कायदा झाल्यावर तो करार संपला आणि स्पर्धेआधी दुसरा प्रायोजक मिळायला वेळ नव्हता. संघ अमिरातीत खेळला तेव्हा छातीवर प्रायोजकाचं नाव नव्हतं, देशाचं होतं. पाकिस्तानला हरवून चषक त्याच जर्सीत जिंकला. स्पर्धा चालू असतानाच एका टायरच्या कंपनीने ५७९ कोटींना त्यापुढची, मार्च २०२८ पर्यंतची जागा घेतली, म्हणजे मूर्खपणाची जी किंमत मोजावी लागेल म्हणून सगळे घाबरत होते ती मोजावी लागलीच नाही. पण समजा नसता मिळाला कोणी. तरीही मी हेच लिहिलं असतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. बंदीने जुगार संपत नाही, तो चोरवाटेने चालतो. मुंबईत १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे आणि त्याच मुंबईत १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला. गिरणगावात ओपन-क्लोजवर किती पगार गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आजही परदेशी कंपन्यांचा ‘आयडी’ घेऊन देणारे एजंट गावोगाव आहेत, आणि ते मटकेवाल्यांइतकेच निर्ढावलेले आहेत. हे सगळं मान्य. पण मटका लावायला माणसाला पानटपरीपर्यंत चालत जावं लागे, आकडा पुटपुटावा लागे, ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून मागे बघावं लागे. ती लाज आणि ती चार पावलं कितीतरी जणांना परत फिरवत होती. टीव्हीवरच्या जाहिरातीने ती चार पावलं काढून टाकली. सगळ्या घराने एकत्र बसून पाहायच्या सामन्यात, आजीच्या आणि दहावीतल्या नातवाच्या देखत, सांगितलं की यात लपवण्यासारखं काही नाही. कायदा चोरवाट बंद करू शकला नाही तरी राजरस्ता तरी बंद करू शकतो. आणि चोरवाटेवर जाणारा पैसा बँकेतून आणि यूपीआयमधूनच जातो, हवेतून जात नाही. तिथे पहारा बसवायला पैसे लागतील, माणसं लागतील, आणि त्यातून उत्पन्न शून्य येईल. नव्या कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या आहेत. निकाल काहीही लागो, हा पहारा लागणारच आहे.

गोव्याने मात्र हा मूर्खपणा अर्ध्यातच सोडला, याचं वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला जायला बंदी आहे. म्हणजे कॅसिनोने घर बुडतं हे तिथल्या सरकारला पुरतं ठाऊक आहे, आणि आपल्या लोकांची काळजीही आहे. ती काळजी राज्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापाशी थांबते. नाक्यापलीकडच्या सावंतवाडीच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या मुलाला पणजीत जेटीवरून बोटीत घेतात, कारण तो पाहुणा आहे. सिंगापूरने निदान एवढं केलं, की घरच्या माणसांना अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोचं दार बंद करवता येतं. कोल्हापूरच्या आईला पणजीत असा अर्ज देता आला पाहिजे. कॅसिनोचं थोडं गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे.

आणि आपल्या राज्याकडे आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत. दोन्हींत फायदा काही नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिच्यावर मराठीत बोलता येतं, क्रमांक १४४१६. राज्याच्या लॉटरीचं तिकीट असो, घोड्यांच्या शर्यतींचा अड्डा असो, जे जे कायद्याने अजून चालू आहे त्या प्रत्येकावर ‘जबाबदारीने खेळा’ऐवजी हा क्रमांक छापावा, बक्षिसाच्या रकमेइतक्या मोठ्या अक्षरांत. आणि फोन उचलणाऱ्याला जुगाराचं कर्ज, धमक्या देणारं लोन ॲप, घरी सांगण्याची भीती, या गोष्टी कशा हाताळायच्या याचं वेगळं शिक्षण द्यावं.

दुसरी गोष्ट बँकांची. ब्रिटनमधल्या बऱ्याच बँका खातेदाराला एक बटण देतात. ते दाबलं की त्याच्या खात्यातून जुगाराकडे पैसे जात नाहीत, आणि विचार बदलून ते उघडायचं म्हटलं तर दोन-तीन दिवस थांबावं लागतं. ती तलफ एवढा वेळ टिकतेच असं नाही. आपल्या जिल्हा सहकारी बँकांपासून स्टेट बँकेपर्यंत कुणालाही हे करता येईल, आणि पुण्या-मुंबईचे जे इंजिनिअर काल ॲप बनवत होते तेच उद्या हे बटणही बनवून देतील. बँकेचे थोडे व्यवहार कमी होतील, आणि त्या व्यवहारांवर मिळणारे पैसे बुडतील.